तीन इंचांची कोरी पट्टी

शिलाईच्या दुकानात सकाळी कितीही झाडून घ्या, दुपारपर्यंत मशीनखाली कातरणाचा ढीग होतोच. किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही काही मुद्दाम गोळा करत नाही, आपोआप साठतात. कर्जतच्या बाजारपेठेत शकूमावशीचं लेडीज टेलर्सचं दुकान आहे, तिथं मी सोळा वर्षं हुक लावते, काजं करते, फॉल लावते आणि तोंड चालवते. शेवटचं काम माझ्याकडं कुणी दिलेलं नाही, ते मी आवडीनं करते.

दुकानात माणसं मोजकी. मावशी कटिंगच्या टेबलाशी, मी हुकांच्या डब्याशी, आणि दारात खुर्ची टाकून नाना. नाना म्हणजे मावशीचे मालक. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत, पण खांद्यावरची बॅग उतरल्यापासून हाताला काहीतरी लागतं म्हणून मोबाईल घेतलाय.

या किश्श्यांमध्ये एक मोठी कंपनी सारखी येते. तिचं नाव मी घेत नाही. भीत नाही हो. पण नाव घेतलं की पाचव्या मिनिटाला तिची जाहिरात येते, आणि मग दिवसभर ती अंगठ्यानं ढकलत बसावं लागतं.

*

सुरुवात झाली गुडघ्यावरनं. एक बाई ब्लाऊज शिवायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मावशी, जिना चढताना गुडगा लई दुखतो." झालं. संध्याकाळी नानांच्या मोबाईलवर गुडघ्याचे पट्टे. काळे, निळे, कातडी रंगाचे.

नाना घाबरले. "अगं, हे ऐकतंय," ते मावशीला म्हणाले. "टेबलावर ठेवला की ऐकतंय सगळं."

मावशी कुठलीही गोष्ट मापून बघितल्याशिवाय मानत नाही. ती म्हणाली, "ऐकतंय का बघू की. उद्या दिवसभर आपण म्हशीचं बोलायचं. म्हैस आपल्या सात पिढ्यांत कुणी घेतली न्हाई. जाहिरात आली तर ऐकतंय."

दुसऱ्या दिवशी मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आम्ही तिघं सुरू. "म्हैस घ्यायचीच." "मुऱ्हा घ्यायची का गावरान?" "पेंड कुठली घालायची?" नाना तर इतके रंगात आले की गोठ्याला पत्रा टाकायचा का कौलं, यावर मावशीशी खरंच भांडले. दुपारी जेवतानाही म्हैस. मला तर घरी गेल्यावर दुधाचा वास यायला लागला.

दोन दिवस झाले, मोबाईलवर म्हैस नाही, रेडकू नाही, पेंडीचं पोतंही नाही. नाना नाराज. पण पहिल्याच दिवशी, आम्ही बोलायला लागून तासही झाला नसेल, शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली कुसुमकाकू पायरीवर हजर.

"शकूताई," ती म्हणाली, "म्हैस घेताय आन मला न्हाई सांगितलं? माझ्या भावाची हाय इकायची. सात लिटर देती."

मावशीनं मोबाईल उचलून नानांच्या हातात दिला. "घ्या. ह्याला काय भ्यायचं? आपली कुसुम ह्याच्याफुडं हाय."

*

आता मावशीच्या टेपची गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. ही गोष्ट आजवर फक्त मावशीला आणि मला माहीत होती. नानांनासुद्धा नाही.

फार पूर्वी, मी यायच्या आधी, एक नवी नवरी सासूबरोबर माप द्यायला आली होती. मावशीनं टेप धरली, तोवर सासूनं वाकून आकडा वाचला आणि बाहेर बसलेल्या नणंदेला ओरडून सांगितला. अख्ख्या गल्लीनं ऐकला. पोरगी रडायला लागली. सासू म्हणते, "त्यात काय रडायचं, हाय ते हाय."

मावशीनं त्याच संध्याकाळी टेपच्या तोंडाचं पितळी टोक काढलं आणि तिथं त्याच रंगाची तीन इंचांची कोरी पट्टी शिवली. पट्टीवर आकडा नाही. माप घेताना ती पट्टी मावशीच्या मुठीत जाते, आणि सदतीस असेल तिथं बाईला चौतीस दिसतं. वहीतही चौतीसच लिहायचं. कापताना मावशी मनातल्या मनात तीन मिळवते, कापड बरोबर कापलं जातं, ब्लाऊज अंगासरसा बसतो. खांदा आणि बाही मोजायला दुसरी टेप आहे, ती खरी आहे.

तेव्हापासून तालुक्यातल्या बायका आमच्याकडं का येतात म्हणून विचाराल, तर त्या स्वतःच सांगतात, "मावशीकडं माप दिलं की बरं वाटतं बाई. घरचा आरसा खोटाय." राशीन, मिरजगाव, पार श्रीगोंद्याकडनंही येतात. पट्टी जुनी झाली की नवी मी शिवते. सोळा वर्षांत पाच शिवल्या.

आणि मापवही. वहीत मावशी कुणाचंही नाव लिहीत नाही. बाई पहिल्यांदा ज्या रंगाचं कापड घेऊन आली, तो तिचा रंग. मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, डाळिंबी. पुढं तिचं गाव, मोबाईल नंबर आणि मापं. कुसुमकाकू वहीत पिस्ता आहे. एकदा रंग पडला की पडला. मोरपंखी आता सत्तरीची आहे आणि पांढऱ्याशिवाय नेसत नाही, पण आमच्याकडं मोरपंखीच.

मी जांभळी. कामाला लागायच्या आधी मी इथं गिऱ्हाईक म्हणून आले होते, तेव्हाचा रंग.

आता इथपर्यंत आलेच आहे तर हेही सांगून टाकते. चार वर्षांमागं माझं ऑपरेशन झालं. गाठ होती, एक बाजू काढली. नवरा, लेक आणि मावशी सोडून कुणाला माहीत नाही. बाकी गावाला सांगितलं की पुण्याला बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. बहीण तेव्हा पन्नाशीची होती, पण कुणी हिशेब केला नाही, नशीब माझं. लपवलं का? तर मला 'बिचारी' व्हायचं नव्हतं. एकदा बाई बिचारी झाली की तिच्या विनोदाला कुणी हसत नाही, सगळे मान डोलावतात. ते मला सोसलं नसतं.

परत आल्यावर मावशीनं मी न सांगताच ओळखलं, मला पडद्यामागं नेलं, माप घेतलं. तिसऱ्या दिवशी ब्लाऊज दिला. एका कटोरीत शेवरीच्या कापसाची इतकी बेतशीर गादी घातलेली की घालून मी बाजारात गेले आणि कुसुमकाकू म्हणाली, "पुण्याला जाऊन सुधारलीस गं."

*

पडद्यामागचं पडद्यामागं, हा आमच्या दुकानाचा कायदा. तो पुरुषांनाही लागू आहे, हे हायस्कूलच्या एका सरांमुळं कळलं.

सर बायकोच्या ब्लाऊजचं डिझाइन दाखवायला आले होते. मोबाईल मावशीपुढं धरला. पाठीला दोरी, दोरीला लटकन. "पुढचंही बघा," म्हणून त्यांनी बोट सरकवलं, तर पुढं टोप. केसांचे टोप. सरांनी घाईनं आणखी सरकवलं, तर आणखी टोप, यावेळी लावण्याआधीचा आणि लावल्यानंतरचा फोटो. सरांचा हात आपोआप डोक्याकडं गेला. आजवर आम्हाला कधी शंकासुद्धा आली नव्हती, इतके छान केस.

मावशीनं नजर वर केली नाही. कापडावर खडूची रेघ ओढत म्हणाली, "सर, डिझाइन समजलं. दोरी तेवढी घट्ट बांधू, वाऱ्यानं उडायची न्हाई."

सर त्या वर्षी शाळेतल्या सगळ्या मॅडमना आमच्याकडं घेऊन आले.

*

मग एके दिवशी नगरहून निखिल आला. त्या कंपनीचा माणूस. तिशी ओलांडलेला, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, चेहरा सालस. कंपनी कपडे विकत होतीच, आता मापाचे ब्लाऊजही शिवून घरपोच देणार होती.

"मावशी, तुमी पार्टनर व्हा," तो म्हणाला. "फक्त मापवही द्यायची. मग ॲपवर कर्जत टाकलं की पयलं तुमचं दुकान दिसनार."

"आन न्हाई दिली तर?"

निखिलनं घसा साफ केला. "तर... दिसनार न्हाई."

"मी सकाळी नऊ ते सात हितंच दिसते की."

मग त्यानं दाखवलं की वहीची तशी गरजच नाही, आता मोबाईलचा कॅमेरा माप घेतो. मी उभी राहिले. मोबाईल बोलला, "कृपया सैल कापड बाजूला करा." मी पदर खोचला. "कृपया सैल कापड बाजूला करा." मी पदर आणखी आवळला. तिसऱ्यांदा तेच. पायरीवर कुसुमकाकू कान देऊन बसलेलीच होती, तिनं तोंडावर हात ठेवला.

मावशी म्हणाली, "त्याला म्हनावं, आदी तू डोळं मीट."

निखिल ओशाळला. पण कामाला चिकट. म्हणाला, निदान हे मान्य आहे एवढं दाबा. मावशी म्हणाली, "काय मान्य हाय ते वाचून दाखव. मला चष्म्याशिवाय दिसत न्हाई."

बिचाऱ्यानं वाचायला सुरुवात केली. मोबाईलवर बोट सरकतंय, सरकतंय, मजकूर काही संपेना. मावशीनं तेवढ्यात दोन ब्लाऊज कापले, एक शिवून मशीनवरनं काढला. मी हुकांची पाकिटं संपवली. मध्ये चहा झाला. वाचता वाचता निखिलचा आवाज बारीक व्हायला लागला. तुमचे फोटो, तुमच्या फोनमधले नंबर, तुम्ही कुठं जाता, कुठं थांबता, किती वेळ थांबता, आणि हे सगळं आमच्या इतर कंपन्यांना देऊ. एका ठिकाणी तो थांबलाच. तेच वाक्य परत वाचलं, यावेळी मनात.

"काय झालं रे?" मावशीनं विचारलं.

"मावशी, हे मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "मी नोकरीला लागताना हेच दाबलं हुतं."

मावशीनं त्याला पोहे खायला घातले आणि वही न देता परत पाठवलं.

*

पंधरा दिवसांनी राशीनच्या लताबाई आल्या. अंगणवाडीत काम करतात, वहीत डाळिंबी. मावशी तेव्हा केळी आणायला गेली होती, मी मागं काजं करत होते, दारात नाना एकटे. लताबाई आल्या त्या थेट नानांसमोर बसल्या आणि पदर डोळ्याला लावला.

नाना मुळातच हळवे. बाई का रडते माहीत नाही, पण रडतेय म्हणजे तिच्या घरात काहीतरी झालंय असं त्यांनी धरलं. मग म्हणाले, "धीर धरायचा."

"तुमी धरा, नाना," लताबाई हुंदका देत म्हणाल्या. "आमचं काय, आमी कुठंबी शिवून घेऊ. तुमचं कसं व्हनार?"

"माझं काय, मला पेन्शन हाय."

"पेन्शनीनं मानूस भरून निघतं व्हय, नाना?"

आता नानांनाही रडू आलं. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. दोघं समोरासमोर बसून एकमेकांची समजूत काढत होते. मला मागं हुंदके ऐकू आले, मी सुई टोचून ठेवून बाहेर यायला आणि मावशी केळ्यांची पिशवी घेऊन पायरी चढायला एकच गाठ पडली.

लताबाई किंचाळल्या नाहीत, पण खुर्ची सोडून पार रस्त्यात गेल्या.

त्यांनी येताना मोबाईलच्या नकाशावर आमचं दुकान बघितलं होतं. नकाशात लाल अक्षरात लिहिलेलं, 'कायमचे बंद'. मावशी असताना दुकान बंद होणार नाही, अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. म्हणजे मावशीच गेली, असा लताबाईंनी सरळ हिशेब केला. चुकीचा म्हणता येत नाही.

मावशीनं त्यांना केळं दिलं. "खा," ती म्हणाली. "माझ्या दहाव्याचं समज."

नकाशावाली कंपनी आणि कपडेवाली कंपनी, दोन्हींचा मालक एकच निघाला. निखिलला फोन केला तर म्हणाला, "मावशी, ते आपोआप होतं." कसं आपोआप होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्या आठवड्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, एवढं खरं. लांबून येणाऱ्या बायका नकाशा बघून मधूनच माघारी फिरत होत्या.

*

नानांना हे फार लागलं. दुकानाची पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. त्यांनी आम्हाला न सांगता कंपनीकडं तक्रार केली. कंपनी म्हणाली, दुकान चालू असल्याचा पुरावा द्या. नानांनी पाटीचा फोटो पाठवला. पुरेसा नाही. मशीनचा पाठवला. पुरेसा नाही. मशीनवर बसलेल्या मावशीचा पाठवला. 'व्यवसायाशी संबंधित कागदपत्र हवे.'

आयुष्यभर तिकिटं फाडलेला माणूस. पुरावा म्हणजे पूर्ण पुरावा. मावशी आणि मी एका लग्नाला गेलो होतो तेव्हा नानांनी मापवही काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो काढून कंपनीला पाठवला. मध्ये मध्ये ते 'मान्य आहे का' विचारत होतं, तिथं 'आहे' दाबलं. तासाभरात नकाशावर दुकान चालू. नाना इतके खूश की आम्ही परतलो तेव्हा पेढे आणून ठेवलेले.

आठ दिवसांनी कर्जतमधल्या बायकांचे मोबाईल वाजायला लागले.

'प्रिय आमसुली, तुमच्या मापाचा ब्लाऊज आता घरपोच. माप देण्याची गरज नाही, ते आमच्याकडे आहे.'

प्रिय चिंतामणी. प्रिय राणी. प्रिय पिस्ता.

नानांनी सगळं सांगितलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.  बायका आल्या त्या तापूनच आल्या. पायऱ्यांवर, ओट्यावर, रस्त्यात. कुसुमकाकू सगळ्यांच्या पुढं. "शकूताई, आमची मापं इकलीस? तुझ्याफुडं आमी पदर काढला आन तू बाजारात मांडलंस?"

"इकली न्हाईत," मावशी म्हणाली. "गेली. चूक आमची हाय."

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ऐन लग्नसराईत आमच्या मशीनचा आवाज बंद. माझ्या हाताला काम नव्हतं आणि डोक्यात एकच. माझ्या पानावर मावशीनं काय लिहिलंय? ऑपरेशननंतर तिनं माझं माप घेतलं होतं. एक बाजू, दुसरी बाजू, कापूस किती, सगळं लिहिलं असणार. कारागीर बाई, लिहिल्याशिवाय कसं कापेल? आणि आता ते त्या कंपनीकडं. उद्या माझ्या मोबाईलवर कसल्या जाहिराती येतील, आणि मोबाईल कुणाच्या हातात असेल, या विचारानं मी तीन दिवस मोबाईल बंद करून हुकांच्या डब्यात घालून ठेवला.

शेवटी चौथ्या दिवशी मावशी पाणी प्यायला गेली तेव्हा वही उघडली. जांभळीचं पान काढलं. इतर बायकांच्या पानावर जुनं माप खोडून नवं लिहिलेलं असतं, पुन्हा खोडून पुन्हा लिहिलेलं. माझ्या पानावर एकच ओळ होती. सोळा वर्षांपूर्वीची. खाली सगळं कोरं.

मावशी कधी येऊन मागं उभी राहिली कळलं नाही. "तुझं माझ्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "लिवायला कशाला पायजे?"

मी रडले. सरळ सांगते, भरपूर रडले, आणि नानांना वाटलं ते माझ्या पगारासाठी.

*

आणि आता पार्सलचा किस्सा.

रागावलेल्या बायकांनी मावशीवरच्या रागानं म्हणा, स्वस्त मिळतंय म्हणून म्हणा, गुपचूप कंपनीलाच ऑर्डर दिल्या. पिस्ता पहिली. माप द्यायचं नाही, टेलरकडं जायचं नाही, नुसता कापडाचा रंग निवडायचा. लग्नाच्या तारखा धरून गठ्ठ्यानं पार्सलं आली. मोटारसायकलवाला दिवसभर गल्लीबोळांतून फिरत होता. आम्ही दुकानात बसून बघत होतो. मावशी शांत. मी विचारलं, "मावशी, आता?" तर म्हणाली, "थांब की जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमकाकू आली. पायरीवर थांबली नाही, सरळ आत आली आणि पडदा ओढून घेतला. आतून म्हणाली, "शकूताई, जरा ये गं."

मावशी आत गेली. मीही मागं गेले. कुसुमकाकूच्या अंगात कंपनीचा पिस्ता ब्लाऊज. हुक आणि काजं यांच्यामध्ये चांगली तीन बोटं जागा. काकू श्वास आत ओढून उभी होती आणि तोंड लाल.

"कंपनीचं माप खोटं हाय," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय गं," मावशी म्हणाली. "मोठ्या कंपन्यांचं असंच असतंय."

मी बाहेर येऊन पिशवीत तोंड घालून हसले. नाना विचारतात काय झालं. काय सांगणार.

दुपारपर्यंत आमसुली आली, राणी आली, डाळिंबी राशीनहून रिक्षा करून आली. प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तळाशी पार्सल, वर कोथिंबीर. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पण ब्लाऊज परत तर करायला हवेत. आणि परत करायला गेलं की मोबाईल विचारायचा, 'तुमच्या मापात काही बदल झाला आहे का?' खाली दोन चौकोन. हो. नाही.

आता तुम्हीच सांगा, कर्जतमधली कुठली बाई त्यावर 'हो' दाबेल? सगळ्यांनी 'नाही' दाबलं. माप बदललं नाही म्हणजे शिवण्यातच चूक, असं धरून कंपनीनं नवा ब्लाऊज पाठवला. त्याच मापाचा. बायकांनी तोही परत केला. पुन्हा विचारलं, पुन्हा 'नाही', पुन्हा ब्लाऊज. मोटारसायकलवाल्याला गल्लीतली कुत्री ओळखायला लागली.

तिसऱ्या खेपेला निखिल स्वतः आला. केस विस्कटलेले. "मावशी," तो खुर्चीत बसत म्हणाला, "वरनं विचारतायत, ह्या एकाच तालुक्यात काय झालंय? बाकी कुठं असं न्हाई. सगळ्या बायका एकदम वाढल्यात का?"

दुकानात तेव्हा आठ-दहा जणी बसल्या होत्या. सगळ्यांनी निखिलकडं असं बघितलं की त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली.

"वाढल्यात कशाला?" मावशी म्हणाली. "तुमचं शिवनारं मानूस नवशिकं असंल. उठ, तुझी कंबर बघू. पॅन्ट ढिली वाटती."

तिनं टेप लावली. निखिलनं वाकून आकडा बघितला आणि त्याचा चेहराच खुलला. "तीस? खरंच? मावशी, घरी तेहतीस भरती!"

"घरची टेप ताणलेली असती," मावशी म्हणाली.

निखिल गाडीवर बसताना शर्ट आत खोचून गेला. वर काय कळवलं ते माहीत नाही. पण संध्याकाळी चारच्या सुमाराला कंपनीनं वहीतल्या एकूणएक बाईला एकाच वेळी तो प्रश्न पाठवला. दुकान भरलेलं होतं. मोबाईल एकदम वाजले, पिशव्यांमधून, कमरेतून, कुणाच्या ब्लाऊजमधून. बायकांनी मोबाईल काढले, वाचलं, एकमेकींकडं न बघता अंगठे टेकवले. टक, टक, टक. परत मोबाईल आत, आणि लग्नाच्या गप्पा पुढं चालू.

हुकांच्या डब्यातही वाजलं, माझा मोबाईल आता चालू होता पण राहायचा तिथंच. मी झाकण उघडून मोबाईल काढला.

'प्रिय जांभळी, तुमच्या मापात काही बदल झाला आहे का?'

सगळ्यांनी दाबलं, मला का दाबवेना कळेना. अंगठा वरच्या वर राहिला. हो. नाही. समोर कुसुमकाकू मोठ्यानं काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या, मीही हसायला हवं होतं.

मावशी कटिंगच्या टेबलावरनं उठून आली. "काय इचारतंय?" तिनं हळू विचारलं. चष्मा तिनं लावलेला नव्हता. मी तिला कानात वाचून दाखवलं.

मावशीनं मोबाईल माझ्या हातातनं घेतला. "न्हाई कुठंय ह्यात?" मी बोटानं दाखवलं. तिनं खडू लागलेल्या अंगठ्यानं दाबलं, काचेवरचा खडू पदरानं पुसला, मोबाईल डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"चल, हुक लाव," ती म्हणाली. "मोरपंखीचा ब्लाऊज पाचला न्यायचाय."